टोपीवरून ओळखू नका: जुनं कंट्री आणि नवं कंट्री

मागच्या डिसेंबरात डॅलसचा भाचा घरी आला होता, त्याने स्पीकरवर लागोपाठ दोन गाणी लावली आणि म्हणाला, मामा ओळख बघू, यातलं कंट्री कुठलं? (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं लोकप्रिय संगीत.) पहिल्यात एक बाबा अगदी निवांत, जवळजवळ बोलल्यासारखा गात होता आणि मागे कुठलंतरी वाद्य कण्हत होतं. दुसऱ्यात चुटक्यांचा ठेका, खाली धडधडणारा बेस, मधेच रॅपसारखी भराभर बडबड, मला वाटलं हे जिममधे लावतात ते काहीतरी. मी अर्थात पहिल्यावर बोट ठेवलं आणि तो हसायला लागला, म्हणे दोन्ही कंट्रीच. मग फोटो दाखवले तर दोघांच्याही डोक्यावर काउबॉय हॅट, दोघांच्याही पायात बूट. मग मी काही महिने याच नादात होतो, बायको वैतागली, पण आता निदान फरक सांगता येतो.

आधी कपड्यांचा निकाल लावून टाकू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. आपल्याला वाटतं जुने म्हणजे साधे, शेतकरी टाइप, आणि नवे म्हणजे झगमगाट. प्रत्यक्षात जवळपास उलटं आहे. कॅलिफोर्नियात नूडी कोन नावाचा युक्रेनमधून आलेला एक शिंपी होता, तो या लोकांना चमचमते खडे आणि भरतकाम केलेले सूट शिवून द्यायचा. जुन्या जमान्यातले गायक बघा, हँक विल्यम्सच्या पांढऱ्या सूटवर संगीताच्या खुणा, पोर्टर वॅगनरच्या सूटवर बैलगाडीची चाकं, म्हणजे आपल्या तमाशाच्या फडातही कुणी इतकं नटत नसेल. आणि आजचा स्टेडियम भरवणारा गायक येतो फाटक्या जीन्समधे, टीशर्टवर, कित्येकदा हॅटऐवजी बेसबॉलची टोपी. जुन्यांचं म्हणणं असं की लोक आठवडाभर राबून पैसे खर्चून आलेत तर आपण सणासारखं नटून उभं राहायचं, नव्यांचं म्हणणं मी तुमच्यातलाच एक आहे. त्यामुळे फोटो बघून काही ठरवू नका.

मग ठरवायचं कशावरून? माझी एक साधी खूण आहे. गायकाची ओळ संपली की मागून कोण उत्तर देतं ते ऐका.

जुन्या पद्धतीत ओळीनंतर जी जागा उरते ती कुणाच्या तरी मालकीची असते. एका ओळीला फिडल (म्हणजे व्हायोलिनच, पण गावठी ढंगात वाजवलेलं) उत्तर देणार, पुढच्या ओळीला स्टील गिटार. आपल्याकडे गायकाच्या मागे सारंगी किंवा हार्मोनियम कशी संगत करते, त्याने जागा घेतली की त्याच जागेची सावली मागून येते, तसंच. हँक विल्यम्सच्या मागे डॉन हेल्म्सची स्टील असायची, ती ऐकली की कळतं, गायकाने जे शब्दात टाळलं ते ती बोलून टाकते.

या स्टीलबद्दल जरा थांबून सांगतो कारण आपल्या कानाला ती पटकन आपलीशी वाटते. ही गिटार छातीशी धरत नाहीत, आडवी ठेवतात आणि डाव्या हातात धातूची कांडी घेऊन तारांवरून सरकवतात. मूळ हवाई बेटांवरचं. १९१५ मधे सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं आणि ते वाद्य दक्षिणेतल्या गावठी बँडपर्यंत पोचलं. पुढे त्याला पाय आणि पायांनी दाबायची पेडल्स लागली, १९५४ मधे वेब पिअर्स या गायकाच्या एका रेकॉर्डवर बड आयझॅक्सने पेडल दाबून वाजत्या सुरालाच वर ओढला आणि मग सगळेच ते करायला लागले. आता ऐकताना तुम्ही म्हणाल अरे ही तर मींड! बरोबर आहे, त्याच हवाई गिटारचा दुसरा फाटा आपल्याकडे आला आणि ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच वाटेवरची. म्हणजे पेडल स्टील आणि मोहनवीणा चुलत बहिणी लागतात.

बँजोचं मात्र आपल्याकडे घोळ करू नका. गणपतीच्या मिरवणुकीत जो बेंजो वाजतो तो म्हणजे बटणांचा बुलबुलतरंग, ॲम्प्लिफायरला जोडलेला. अमेरिकन बँजो म्हणजे गोल, कातडं ताणलेलं, डफाला दांडी लावल्यासारखं दिसणारं वाद्य, आणि त्याचं मूळ गोऱ्यांच्या डोंगरात नाही तर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडे आहे. ‘अस्सल परंपरा’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांना हे आठवण करून द्यावं लागतं. परंपरेचं माहेरघर मानतात त्या ग्रँड ओल ऑप्रीवर, म्हणजे कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरात १९२५ ला रेडिओवर सुरू झालेला आणि अजून चालू असलेला कार्यक्रम, अगदी सुरुवातीच्या स्टार लोकांत डीफोर्ड बेली हा काळा माउथऑर्गनवाला होता.

बरं, नव्या गाण्यात ओळीनंतर काय येतं? बहुतेक वेळा जागाच उरत नाही. गिटारची भिंत उभी असते, त्याखाली कॉम्प्युटरवर बनवलेला ठेका, आणि उत्तर द्यायचं काम मागचे कोरसवाले किंवा प्रेक्षकच करतात, ‘हे!’ नाहीतर ‘ओ ओ ओ’. स्टील असते कधीकधी पण मागे कुठेतरी मिठासारखी, हे कंट्री आहे एवढं कळण्यापुरती. २०१२ मधे फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या दोघांच्या बँडचं ‘क्रूझ’ हे गाणं गाजलं, पुढच्या वर्षी त्याच गाण्याची रॅपर नेलीबरोबरची आवृत्ती त्याहून गाजली, आणि जोडी रोझन या समीक्षकाने या सगळ्या प्रकाराला नाव दिलं ब्रो-कंट्री, म्हणजे ‘भाऊ’लोकांचं कंट्री. ट्रक, बिअर, चांदणं, शेजारी बसलेली पोरगी, शब्दांचा विषय इथेच संपतो. मॅडी अँड टे या दोन मुलींनी २०१४ मधे यावरच टिंगल करणारं गाणं केलं आणि ते हिट झालं.

दुसरा मोठा फरक ठेक्याचा, म्हणजे खरंतर वेळ कोणाच्या हातात आहे याचा. जुना बँड गायकाच्या श्वासावर चालतो. जुन्यांतला नावाजलेला गायक जॉर्ज जोन्स एखादा शब्द दातात धरून इतका ओढायचा की वाटावं आता ताल सुटला, पण बँड त्याच्यासाठी थांबतो, तो सावकाश येऊन समेवर बसतो. नव्या मोठ्या शोमधे असं करता येत नाही, कारण सगळ्यांच्या कानात इअरपीस असतो, त्यात टिकटिक चालू असते, आणि लाइट, पडद्यावरचं व्हिडिओ, आधी रेकॉर्ड केलेले आवाज सगळं त्या टिकटिकीला बांधलेलं असतं. गायक भावनेच्या भरात दोन मात्रा थांबला तर आतषबाजी त्याच्याआधी उडून जाईल. यात फसवणूक नाही, पन्नास हजार लोकांना शेवटच्या रांगेपर्यंत तेच दिसलं पाहिजे ऐकू आलं पाहिजे तर दुसरा उपाय नाही. पण गाण्याची चाल बदलते ती बदलतेच.

यावरून १९९४ चा एक किस्सा मला फार आवडतो. एका अवॉर्ड शोमधे ॲलन जॅक्सन या गायकाला सांगण्यात आलं की तू रेकॉर्डेड ट्रॅकवर गा. त्याने नाही म्हटलं नाही. फक्त ड्रमरला सांगितलं काठ्या घेऊ नकोस. मग टीव्हीवर देशभर दिसलं की ड्रमर रिकामे हात हवेत हलवतोय आणि ड्रम मात्र दणक्यात वाजतोय.

आता स्टेजवर शरीराचं काय करायचं. जुन्या पद्धतीत काही नाही करायचं. पूर्वी सगळ्या बँडला मिळून एकच माइक असायचा, ज्याची पाळी तो पुढे सरकणार, वाजवून झालं की बाजूला होणार, आवाजाचं मिक्सिंग पायांनीच व्हायचं, काही ब्लूग्रासवाले (बँजो-फिडलवर भरधाव वाजणारी कंट्रीचीच एक शाखा) अजून तसं करतात आणि ते बघायला फुगडीइतकं छान दिसतं. १९८९ नंतर गार्थ ब्रूक्स या गायकाने हे सगळं उलथलं. कानाला लावलेला माइक, मोकळे हात, स्टेजभर धावपळ, आणि १९९३ मधे टेक्सास स्टेडियममधे तर तो तारेला लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडाला! गंमत अशी की त्याच्या बँडमधे फिडल आणि स्टील दोन्ही होते, गाणीही बऱ्यापैकी जुन्या घाटाची, नवं होतं ते फक्त सादरीकरण.

आणि बरोबर उलटं उदाहरण जॉर्ज स्ट्रेट. हा माणूस मैदानाच्या मधोमध चौकोनी स्टेजवर उभा राहतो, चार कोपऱ्यात चार माइक, एका कोपऱ्यात दोन गाणी झाली की पुढच्या कोपऱ्यात, एवढीच काय ती हालचाल. नाच नाही, धूर नाही. जून २०२४ मधे टेक्सासच्या काइल फील्डवर त्याला ऐकायला १,१०,९०५ लोक तिकीट काढून आले, अमेरिकेत एकाच मुख्य कलाकाराच्या, तिकीट लावलेल्या शोला तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. तेव्हा ‘जुनं म्हणजे छोट्या बारमधलं, नवं म्हणजे स्टेडियममधलं’ हेही चूक.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं ना? आता गुंता. कारण आज ज्याला आपण जुनं म्हणतो ते तेव्हा नवं म्हणून शिव्या खात होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलने कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या दोघा निर्मात्यांनी फिडल आणि स्टील बाजूला सारून व्हायोलिनचा ताफा आणि गोड कोरस आणला. पॅट्सी क्लाइन ही गायिका त्याच साच्यातली, आज तिला कोणी मॉडर्न म्हणेल का? ॲटकिन्सला कुणीतरी विचारलं हा नॅशव्हिल साउंड म्हणजे काय हो, तर त्याने खिशातली चिल्लर खुळखुळवून दाखवली अशी गोष्ट सांगतात. तिकडे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमधे बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्डने याला उत्तर म्हणून कर्कश टेलिकास्टर गिटार आणि दणदणीत ड्रम आणले, ते आता जुन्याचा कळस मानलं जातं, पण तेव्हा वीजेची गिटार एवढ्या मोठ्याने म्हणजे नवीनच होतं की.

आणि आपला जॉन डेन्व्हर, ज्याचं वेस्ट व्हर्जिनियाच्या रस्त्यांचं गाणं कॉलेजच्या प्रत्येक ट्रिपला शेकोटीपाशी म्हटलं जातं आणि आपण त्यालाच अस्सल कंट्री समजतो, त्याला १९७५ मधे कंट्री म्युझिक असोसिएशनचं सर्वात मोठं बक्षीस जाहीर झालं तेव्हा पाकीट उघडणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवरच लायटर काढून तो कागद जाळला. कारणावर अजून वाद आहेत, पण लोकांनी अर्थ हाच घेतला की हा पॉपवाला आमच्यात नको. आणि चार्ली रिच स्वतः कोण, तर त्याच व्हायोलिनवाल्या गुळगुळीत गाण्यांवर मोठा झालेला!

ड्रमचं तर विचारूच नका. ऑप्रीच्या स्टेजवर कित्येक वर्षं ड्रमला मनाई होती, १९४४ मधे बॉब विल्स आपल्या बँडबरोबर ड्रमर घेऊन आला तर केवढा वाद. आणि २०२५ मधे ग्रॅमीवाल्यांनी कंट्री अल्बमच्या बक्षिसाचे दोन भाग केले, पारंपरिक वेगळं आणि समकालीन वेगळं, तेव्हा पारंपरिकच्या वाद्यांच्या यादीत फिडल, स्टील, बँजोच्या पंगतीत काय बसलंय? माणसाने प्रत्यक्ष वाजवलेले ड्रम. ज्याला दारात उभं करत नव्हते तो आता घरचा वडीलधारा, कारण मशीन त्याच्याही नंतर आली.

दोन्हीकडे सारखी असलेली एक गोष्ट मात्र राहिली सांगायची. नॅशव्हिलचे वादक, जुने काय नवे काय, स्वरलिपी न लिहिता कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याला, आकडे देतात, एक, चार, पाच. पन्नासच्या दशकात जॉर्डनेअर्स या कोरसमधल्या नील मॅथ्यूजने हे सुरू केलं. आपल्या सरगमसारखंच, गाणारा काळी एकमधे गावो की पांढरी चारमधे, सा तो साच, तसंच तिथे एक म्हणजे एक.

भाचा नॅशव्हिलला जाऊन आलाय. तिथे ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर बारला लागून बार, प्रत्येक मजल्यावर वेगळा बँड, बहुतेक ठिकाणी नवी गाणी आणि रॉक दणाणत असतं, पण रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड नावाच्या बारमधे जुनंच वाजवतात आणि तळलेलं बलोनी सँडविच मिळतं. बँड चारचार तास वाजवतो, कमाईचा मोठा भाग समोरच्या बरणीत पडेल तो. म्हणजे दौलतजादाच म्हणायची, पैसे टाका आणि फर्माइश करा. याने वीस डॉलर टाकून जॉर्ज जोन्सचं एक गाणं मागितलं. बँडमधली बेस वाजवणारी पोरगी फार तर बावीसची असेल, तिला ते येत नव्हतं, तिने म्होरक्याकडे बघितलं. त्याने गाता गाता गिटारवरून हात काढला, पाठीमागे नेला आणि नुसती बोटं दाखवली, एक, चार, मग पाच.