बिनतारी संवेदक जाळ्यातील संपर्कदोषांचा शोध

बिनतारी संवेदक जाळे म्हणजे तापमान, ओलावा, कंपने अशा राशी मोजून त्या रेडिओवरून, एकमेकांच्या मार्फत, मुख्य गेटवेपर्यंत (साऱ्या नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचवणाऱ्या छोट्या नोडांचा समूह. हे नोड बहुधा बॅटरीवर चालतात. अशा जाळ्यातून नोंदी येईनाशा झाल्या, उशिरा येऊ लागल्या किंवा अधूनमधून गळू लागल्या की त्याचे कारण हुडकून काढावे लागते.

मुख्य अडचण अशी की गेटवेकडून पाहताना सगळे दोष सारखेच दिसतात. बॅटरी संपलेली असो, अँटेनाचा सांधा सैल झालेला असो की मधला नोड बंद पडलेला असो, इकडे फक्त नोंद आलेली नसते. म्हणून प्रत्येक पॅकेटात (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या पुडक्यात) मोजमापाबरोबर अनुक्रमांक, बॅटरीचे व्होल्टेज, आजवरच्या रिसेटांची संख्या आणि पालक नोडचा (ज्याच्याकडे पॅकेट सोपवले त्याचा) पत्ता घालतात. या मोजक्या बाइटांतून पुष्कळ उलगडा होतो. ४१ नंतर एकदम ४५ क्रमांक आला, तर नोड चालू आहे आणि पॅकेटे वाटेत हरवली आहेत. क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर नोड रिसेट झाला. त्याआधी व्होल्टेज घसरत असेल तर संशय बॅटरीवर जातो. अल्कलाइन बॅटरी वापरून जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओ सुरू होताच व्होल्टेज क्षणभर कोसळते. मल्टिमीटरवर ठीक दिसणारी बॅटरी इथे हमखास फसवते. एकाच पालकाखालचे सारे नोड एकदम गप्प झाले, तर आधी तो पालकच तपासावा. एकच क्रमांक गेटवेवर दोनदा आला, तर बहुधा पॅकेट पोचले पण त्याची पोच परतली नाही, म्हणून पाठवणाऱ्याने ते पुन्हा पाठवले.

पोच हरवण्याचे कारण पुष्कळदा एकतर्फी दुवा हे असते. जाताना ९० टक्के आणि येताना ५० टक्के यश असेल, तर पोचेसह एक पॅकेट पार पडायला सरासरी २.२ प्रयत्न लागतात. टप्पे वाढले की नुकसान साचत जाते: ९० टक्क्यांचे पाच टप्पे, पुनर्प्रेषण नसेल तर, जेमतेम ५९ टक्के पॅकेटे पोचवतात. पुनर्प्रेषणाने हे सावरते, पण बाहेरचा व्यत्यय चालू असताना लागोपाठ केलेले सगळे प्रयत्न एकदमच वाया जाऊ शकतात.

अशा जाळ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयईईई ८०२.१५.४ या रेडिओ मानकाचे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले १६ चॅनेल (११ ते २६) वायफायच्याच पट्ट्यात येतात. वायफायचा एक चॅनेल यांतले साधारण चार झाकतो. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनेलांवर असेल, तर २६ क्रमांकाचा चॅनेल बहुधा मोकळा सापडतो. गळती माणसांच्या वर्दळीच्या वेळीच वाढत असेल तर प्रथम इकडे पाहावे. २०१२ च्या ८०२.१५.४ई सुधारणेत वेळ ठरवून चॅनेल बदलत राहण्याची पद्धत आली ती अशा व्यत्ययावर उपाय म्हणूनच.

जागेचे दोष बसवताना लक्षात येत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झला १०० मीटरच्या दुव्याच्या मध्यावर सुमारे १.८ मीटर त्रिज्येचा भाग मोकळा हवा. जमिनीलगतच्या नोडला तो मिळत नाही. पाने दाट झाली की त्यांतले पाणी लहरी शोषते, त्यामुळे बसवताना उत्तम चाललेला दुवा पुढे कमजोर होतो. तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर असल्याने परावर्तनामुळे फिका पडलेला संकेत नोड काही सेंटीमीटर सरकवल्यानेही सुधारतो.

घड्याळाचा दोष वेगळ्या चालीने येतो. दशलक्षात ४० भाग चुकणारे, नोडच्या घड्याळाला ठोके देणारे स्फटिक दिवसाला सुमारे ३.५ सेकंद भरकटते. ठरल्या वेळी जागे होऊन ऐकणारे नोड हळूहळू एकमेकांना चुकवू लागतात: सुरुवातीला सगळे सुरळीत, मग वाढती गळती, आणि पुन्हा वेळ जुळवली की सगळे ठीक.

इतक्यानेही उलगडा झाला नाही, तर स्निफर लावून हवेतली पॅकेटे टिपतात. मात्र स्निफरला ऐकू येते ते त्याच्या जागी पोचलेले. एकमेकांना न ऐकू येणारे दोन नोड मधल्या तिसऱ्यापाशी धडकत असतील, तर एका नोडजवळ ठेवलेल्या स्निफरला त्याचे पॅकेट स्वच्छ मिळते आणि टक्कर दिसतच नाही. म्हणून तो गळती ज्या नोडवर होते त्याच्या शेजारी ठेवावा.