जॉन प्राइन: केंटकीची गाणी शिकागोत कशी पोचली

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन फोकवाला (लोकसंगीताचा) की कंट्रीवाला (दक्षिणेकडच्या ग्रामीण ढंगाचा), यावर अमेरिकेत पन्नास वर्षं एकमत झालं नाही. शिकागोच्या फोक क्लबांनी त्याला आपला म्हटलं. कंट्रीची राजधानी नॅशविल, तिथल्यांनी आधी दुर्लक्ष केलं आणि मग त्याचीच गाणी मोठमोठ्या गायकांकडून गाऊन घेतली. ग्रॅमीवाल्यांनी दोनदा फोक गटातलं बक्षीस देऊन आपल्यापुरता प्रश्न मिटवला. हा घोळ त्याच्या जन्माआधीचा आहे. त्याचे आईवडील केंटकीतल्या कोळशाच्या मुलखातून पोटासाठी शिकागोच्या उपनगरात आले, तिथून तो सुरू होतो.

पश्चिम केंटकीतला म्यूलनबर्ग हा परगणा दोन गोष्टींसाठी ओळखला जातो, कोळसा आणि गिटार. अंगठ्यानं खर्ज धरायचा आणि तर्जनीनं चाल वाजवायची, म्हणजे एकाच गिटारीतून दोन माणसं वाजवत असल्याचा भास होतो, ही शैली याच भागात वाढली. खाणीत राबणारा कृष्णवर्णीय वादक आर्नल्ड शुल्ट्झ हा तिचा एक मूळपुरुष. पुढे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसनं ती देशभर नेली. रॉक-अँड-रोलमधल्या एव्हर्ली बंधूंचे वडील आइक एव्हर्लीही इथलेच. प्राइनचे आजोबा सुतारकाम करत आणि या मंडळींबरोबर गिटार वाजवत. म्हणजे शिकागोच्या उपनगरात जन्मलेल्या या पोराचं घराणं, आपल्याकडच्या अर्थानं, पक्कं ठरलेलं होतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियातून लाखो माणसं उत्तरेच्या कारखान्यांत गेली. जॉनचे वडील बिल प्राइनही गेले. मुलांचं आयुष्य खाणीत जाऊ नये हा त्यामागचा हिशेब. शिकागोला लागून असलेल्या मेवुडमध्ये ते डाय बनवणारे कुशल कामगार झाले, पोलाद कामगारांच्या युनियनचे स्थानिक पुढारीही झाले. घरात कंट्री गायक हँक विल्यम्स वाजायचा आणि उन्हाळा आला की सगळं बिऱ्हाड गाडीत घालून गावाकडे. गिरणीतला चाकरमानी गणपतीला कोकणात जातो, तसंच हे. त्या गावाचं नाव पॅराडाइज.

जॉन 10 ऑक्टोबर 1946 ला जन्मला, चार भावांतला तिसरा. थोरल्या डेव्हनं त्याला चौदाव्या वर्षी गिटार शिकवली. डेव्हला जुन्या डोंगरी गाण्यांचा, कार्टर फॅमिलीचा नाद, त्यामुळे जॉनचे पहिले धडे तिथलेच. शाळेत तो यथातथाच होता. शाळा सुटल्यावर तो पोस्टात लागला. 1966 मध्ये लष्कराचं बोलावणं आलं, पण नशिबानं व्हिएतनामऐवजी पश्चिम जर्मनीत नेमणूक झाली आणि दोन वर्षं तो गाड्यांच्या दुरुस्तीखात्यात काढून परतला. परतल्यावर पुन्हा टपालाची पिशवी.

पोस्टमनचं काम त्याच्या चरित्रात नेहमी गंमत म्हणून येतं, माझ्या मते ते शिक्षण होतं. तो म्हणायचा की टपाल वाटत फिरणं म्हणजे पुस्तकं नसलेल्या ग्रंथालयात असण्यासारखं आहे, विचार करायला शांतता भरपूर. रस्त्याच्या कडेला पोस्टाच्या मोठ्या लोखंडी पेट्या असत, पुढच्या फेरीचं टपाल त्यांत ठेवलेलं असे. शिकागोची हिवाळी हवा अंगावर आली की हा गडी त्या पेटीत शिरून सँडविच खायचा. त्याआधीचा, लहानपणीचा एक अनुभवही असाच दारोदारचा. मित्राबरोबर तो एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. तिथले काही म्हातारे खोलीतल्या इतरांसमोर असं दाखवायचे, की हा पेपरवाला पोरगा नाही, आपला नातू भेटायला आलाय. ‘हॅलो इन देअर’ हे एकाकी म्हातारपणावरचं गाणं त्यातून आलं. ते लिहिलं तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आत होतं.

शिकागोत 1957 पासून ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक ही संस्था लोकसंगीत शिकवत होती. प्राइन तिथे शिकायला जाई. आसपास फोक ऐकवणारे बार होते, त्यांपैकी एकाचं नाव फिफ्थ पेग. तिथे कुणीही उठून गावं अशी एक रात्र असे. एकदा प्याल्याच्या भरात प्राइननं गाणाऱ्यांना नावं ठेवली, कुणीतरी म्हणालं, मग तूच गा की. तो उठला आणि तीन गाणी गायला: व्हिएतनामहून मॉर्फिनचं व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचं ‘सॅम स्टोन’, म्हाताऱ्यांचं ‘हॅलो इन देअर’ आणि गावाचं ‘पॅराडाइज’. टाळ्या आल्या नाहीत. सगळे नुसते बघत राहिले. त्याला वाटलं, फसलो. टाळ्या मागाहून आल्या आणि क्लबनं त्याला ठरावीक रात्रीचं काम दिलं.

ऑक्टोबर 1970 मध्ये शिकागो सन-टाइम्सचा चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट तिथे टपकला. कारण क्षुल्लक होतं: बघत असलेला सिनेमा आणि खारट पॉपकॉर्न दोन्ही सोडून तो बिअर शोधत निघाला होता. घरी जाऊन त्यानं सिनेमाचं परीक्षण बाजूला ठेवलं आणि या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं. प्राइनबद्दल छापून आलेलं ते पहिलं परीक्षण. त्यानंतर क्लबात जागा मिळेनाशी झाली आणि प्राइननं पोस्टाची नोकरी सोडली.

पुढची शिडी लावली स्टीव्ह गुडमन या मित्रानं. स्वतः उत्तम गीतकार, आणि ल्युकेमिया असल्याचं त्याला विशीतच कळलेलं. नावाजलेला कंट्री गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसन शिकागोत आला तेव्हा त्याच्या आधी गाण्याची संधी गुडमनला मिळाली होती. क्रिस्टॉफरसननं कौतुक केल्यावर दुसरा कुणी स्वतःचं घोडं पुढे दामटलं असतं. गुडमननं हट्ट धरला, की माझ्या मित्राला ऐक. रात्री उशिरा क्रिस्टॉफरसन आणि पॉप गायक पॉल अँका प्राइनच्या बारमध्ये पोचले तेव्हा टेबलांवर खुर्च्या उलट्या पडल्या होत्या. प्राइननं त्या दोघा-चौघांसाठी गाणी म्हटली. क्रिस्टॉफरसन म्हणाला, आता तीच सगळी परत म्हण. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या बिटर एंड क्लबात त्यानं प्राइनला रंगमंचावर बोलावलं, श्रोत्यांत अटलांटिक रेकॉर्ड्सचे जेरी वेक्सलर होते. दुसऱ्याच दिवशी करार ठरला.

पहिला अल्बम 1971 चा, मेम्फिसमध्ये निर्माता आरिफ मार्डिनच्या हाताखाली झालेला. मुखपृष्ठावर प्राइन गवताच्या गंजीवर बसलाय. आयुष्यात कधी गंजीवर बसलो नव्हतो, असं तो पुढे हसून सांगे. कंपनीला खेडूत हवा होता, यांच्याकडे उपनगरातला टपालवाला होता. विकायचं कसं याचा गोंधळ त्या फोटोतच दिसतो. भरीला ‘नवा (बॉब) डिलन’ हे लेबल लागलं, त्या काळी गिटार घेऊन लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते लागत असे. खुद्द डिलननं मात्र 1972 मध्ये त्याच्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात न सांगता येऊन मागे हार्मोनिका वाजवली.

या अल्बममधलं ‘पॅराडाइज’ मात्र न्यूयॉर्कमध्ये, गुडमन आणि भाऊ डेव्ह यांना बरोबर घेऊन ध्वनिमुद्रित झालं. प्राइननं ते वडिलांसाठी लिहिलं होतं. तो जर्मनीत असताना वडिलांनी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं: गाव गेलं. म्यूलनबर्गमध्ये पीबडी कंपनी उघड्या खाणींतून कोळसा काढत होती. तिच्या सिंक्लेअर खाणीतलं महाकाय फावडं एका घासात 115 घनयार्ड माती उचलायचं. शेजारी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी महामंडळाचं औष्णिक वीज केंद्र 1963 मध्ये सुरू झालं, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. त्याची राख घरांवर, कपड्यांवर, माणसांच्या छातीत बसू लागली आणि 1967 मध्ये महामंडळानं उरलेली घरं विकत घेऊन गाव पाडलं. गाण्यात दोष पीबडीच्या माथी आहे. इतिहास काटेकोरपणे बघितला तर शेवटचा घाव सरकारी वीज केंद्राचा होता. पण कोळसा तिथलाच, गिऱ्हाईक शेजारचंच, तेव्हा प्राइनला खोटं पाडण्यात फारसा अर्थ नाही. पीबडीनं त्या काळी खुलासे केले, ते आज कुणाला पाठ नाहीत. गाणं केंटकीत लहान मुलांनाही येतं.

अल्बम बाजारात यायच्या आत, ऑगस्ट 1971 मध्ये बिल प्राइन वारले. त्याआधी जॉननं टेप घरी आणली होती, वाजवायला मशीन उसनं आणलं होतं. ‘पॅराडाइज’ सुरू झालं तसे वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, असं विचारल्यावर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर वाजतंय असं वाटावं म्हणून.

सत्तरच्या दशकात समीक्षकांचं कौतुक भरपूर आणि खप बेताचा, असंच चाललं. अटलांटिक सुटली, असायलम ही दुसरी रेकॉर्ड कंपनी आली. गाणी मात्र इतरांच्या गळ्यात जाऊन बसत होती. एका मित्रानं म्हाताऱ्यांवर आणखी एक गाणं लिही म्हटलं, तेव्हा प्राइन म्हणाला, ते झालं. पण आहे त्या वयापेक्षा म्हातारी झाल्यासारखं वाटणाऱ्या मध्यमवयीन बाईवर लिहितो. ते ‘एंजल फ्रॉम मॉन्टगमरी’. 1974 मध्ये बॉनी रेटनं ते गायलं आणि अनेकांना ते तिचंच वाटतं. जॉनी कॅशनं ‘सॅम स्टोन’ घेतलं, पण त्यातली येशूबद्दलची कडवट ओळ बदलून. गुडमनबरोबर रात्री उशिरा थट्टेत रचलेलं, कंट्री गाण्यांचीच टर उडवणारं एक गाणं 1975 मध्ये डेव्हिड अ‍ॅलन को यानं गाजवलं. कंट्रीवाल्यांना राग येईल म्हणून प्राइननं त्यावर आपलं नावच घालू दिलं नव्हतं. गुडमननं मानधनातून त्याला एक ज्यूकबॉक्स घेऊन दिला.

1978 चा ‘ब्रूझ्ड ऑरेंज’ गुडमननंच घडवला. त्याच्या शीर्षकगीतामागे मेवुडमधली एक सकाळ आहे. चर्चमध्ये मदतनीस असलेला एक मुलगा रुळांवरून चालत होता, आगगाडीनं त्याला उडवलं. प्राइन तेव्हा एका चर्चचं बर्फ साफ करायला निघाला होता. मुलगा कुणाचा हे कळेपर्यंत कितीतरी आया तिथे जमल्या. आपला नाही हे कळल्यावर एकेकीच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं आणि मग जिचा होता तिच्याकडे वळताना जे झालं, ते त्यानं पाहिलं होतं. गाण्यात या प्रसंगाला मोजक्याच ओळी मिळतात. आरडाओरडा नाही.

1981 मध्ये त्यानं व्यवस्थापक अल बुनेटा आणि डॅन आइनस्टाइन यांच्याबरोबर ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. आज कलाकारानं स्वतःचं लेबल काढणं नेहमीचं झालंय, तेव्हा ते वेडेपणाचं होतं. चाहत्यांनी अल्बम तयार होण्याआधीच टपालानं चेक पाठवले. (टपालवाल्याला टपालानं तारलं, हा योगायोग त्याच्याच गाण्यात शोभला असता.) 1984 मध्ये गुडमन गेला. त्यानंतरची वर्षं मंद होती. 1991 मध्ये टॉम पेटीच्या बँडमधल्या हॉवी एपस्टाइननं घडवलेल्या ‘द मिसिंग इयर्स’नं त्याला पहिली ग्रॅमी आणि नवा श्रोतावर्ग दिला. पैसा नॅशविलच्या वाटेनंही येत होता: रॉजर कुकबरोबर लिहिलेली दोन गाणी 1983 मध्ये डॉन विल्यम्सनं आणि 1998 मध्ये जॉर्ज स्ट्रेटनं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेली.

1998 मध्ये मानेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन. डॉक्टर आवाज वाचवण्यासाठी आटापिटा करू लागले, तेव्हा त्यानं विचारलं, माझं गाणं ऐकलंय का कधी? आवाज खाली उतरला, खरखरीत झाला, पट्टी बदलावी लागली. जुनी गाणी त्याला स्वतःलाही नव्यानं भेटली. मला विचाराल तर ‘हॅलो इन देअर’ ऐकावं ते या नंतरच्या आवाजात. 2005 च्या ‘फेअर अँड स्क्वेअर’ला दुसरी ग्रॅमी मिळाली. 2013 मध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, एका फुफ्फुसाचा भाग काढला. उपचारतज्ज्ञानं व्यायाम दिला तो असा: घराचा जिना धावत चढउतार करायचा आणि धाप लागलेली असताना गिटार घेऊन दोन गाणी म्हणायची.

तेरा वर्षं नवीन गाण्यांचा अल्बम नव्हता. शेवटी बायको फियोना आणि मुलानं त्याला नॅशविलच्याच एका हॉटेलात आठवडाभर पाठवलं, बरोबर गिटारी आणि अर्धवट ओळींची खोकी. त्यातून आलेला ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ 2018 मध्ये बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. एकाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या कंपनीतून, आयुष्यातला सर्वांत वरचा क्रमांक.

जानेवारी 2020 मध्ये जीवनगौरव ग्रॅमी मिळाली. 7 एप्रिल 2020 ला नॅशविलच्या रुग्णालयात कोविडनं तो गेला, 73 वर्षांचा होता. निम्म्या अस्थी शिकागोत आईवडिलांशेजारी पुरल्या, निम्म्या ‘पॅराडाइज’ गाण्यात मागितलं होतं तशा केंटकीच्या ग्रीन नदीत सोडल्या. त्या नदीकाठचं पॅराडाइजचं वीज केंद्र त्याच वर्षी फेब्रुवारीत कोळशावर चालायचं थांबलं होतं. पीबडीचा आणि गाण्याचा हिशेब मात्र त्याआधीच कोर्टात गेला होता. कंपनीच्या सभेबाहेर निदर्शनं केल्याबद्दल अटक झालेल्या दोघांनी 2015 मध्ये वायोमिंगच्या संघीय न्यायालयात दावा लावला आणि अर्जात ‘पॅराडाइज’च्या ओळी घातल्या. त्या भडकाऊ आहेत, वगळा, अशी पीबडीनं मागणी केली. न्यायाधीशांनी ती फेटाळली.