छायाचित्रणातील यथादर्शन

छायाचित्रणातील यथादर्शन : त्रिमितीय दृश्य छायाचित्राच्या सपाट पृष्ठावर उतरताना निरनिराळ्या अंतरांवरील वस्तूंच्या आकारांत आणि स्थानांत जो परस्परसंबंध दिसतो, त्याला यथादर्शन म्हणतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला किती झाकते, याचाही त्यात समावेश होतो. हा संबंध कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरतो. भिंगाच्या नाभीय अंतरावर (फोकल लेंथवर) तो अवलंबून नसतो. नाभीय अंतरामुळे प्रतिमेचे मोठेपण आणि चौकटीत मावणारा दृश्याचा भाग एवढेच बदलते. ‘वाइडने (आखूड नाभीय अंतराच्या भिंगाने) खोली वाढते, टेलीने (लांब नाभीय अंतराच्या भिंगाने) दृश्य चपटे होते’ हे छायाचित्रकारांमध्ये रूढ असलेले विधान अनुभवाला धरून असले, तरी त्यात कारण चुकीच्या जागी सांगितले जाते.

वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीच्या देवळासमोर सारख्या उंचीची दोन माणसे कॅमेऱ्यापासून अनुक्रमे २ मी. व ६ मी. अंतरावर उभी आहेत असे मानू. भिंग २४ मिमी.चे असो वा २०० मिमी.चे, पुढच्या माणसाची प्रतिमा मागच्याच्या तिप्पट उंच येते, कारण हे गुणोत्तर केवळ दोन अंतरांचे आहे. छायाचित्रकार ८ मी. मागे सरकला, की अंतरे १० मी. व १४ मी. होतात आणि गुणोत्तर १·४ वर येते. आता पुढच्या माणसाची प्रतिमा पूर्वीइतकीच मोठी हवी असेल, तर नाभीय अंतर सु. पाचपट, म्हणजे २४ मिमी.ऐवजी १२० मिमी. घ्यावे लागते. लांब भिंग आणि चपटेपणा एकत्र आढळतात ते यामुळे. भिंग मागे सरकायला भाग पाडते आणि चपटेपणा त्या सरकण्यातून येतो. याचा सोपा पडताळा असा : एकाच जागेवरून दोन्ही भिंगांनी छायाचित्रे घ्यावीत आणि रुंद कोनाच्या चित्राचा मधला भाग कापून मोठा करावा. कणीदारपणा व स्पष्टता सोडता तो भाग लांब भिंगाच्या चित्राशी जुळतो.

मागे डोंगर असला म्हणजे परिणाम फार ठळक होतो. साताऱ्यात अजिंक्यतारा पार्श्वभूमीला घेऊन एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र काढताना किल्ल्याचे अंतर १·५ किमी. आणि व्यक्तीचे २ मी. धरले, तर १८ मी. मागे गेल्यावर व्यक्तीची प्रतिमा दहाव्या हिश्शावर येते. किल्ल्याची मात्र जेमतेम एक टक्क्याने लहान होते. दहापट नाभीय अंतराच्या भिंगाने व्यक्ती पूर्ववत केली, की किल्लाही जवळजवळ दहापट होऊन तिच्या पाठीशी येऊन उभा राहतो.

यथादर्शनाचे केंद्र कॅमेऱ्यात नेमके कोठे मानावे, याविषयी पुस्तकांत बराच घोटाळा आढळतो. अनेक लेखक भिंगाचा पातबिंदू (नोडल पॉइंट) हे केंद्र मानतात आणि विस्तीर्ण दृश्याचे तुकडे जोडण्यासाठी कॅमेरा त्याच बिंदूभोवती फिरवावा असे सांगतात. वस्तुतः दृश्यातील कोणत्या वस्तू एकमेकींच्या रेषेत येतात हे प्रवेशद्वारकाच्या, म्हणजे भिंगाच्या छिद्राच्या समोरून दिसणाऱ्या प्रतिमेच्या, स्थानावरून ठरते. फिरवण्याचा अक्षही तेथूनच जावा लागतो. साध्या भिंगांत हे दोन बिंदू जवळजवळ असल्याने चूक लक्षात येत नाही. बहुघटकी भिंगांत ती जाणवण्याइतकी होते.

इतिहास : दृश्याचा भासमान आकार अंतरानुसार बदलतो हे यूक्लिडच्या प्रकाशविषयक ग्रंथात (इ. स. पू. सु. ३००) आले आहे, मात्र तेथील विचार डोळ्यापाशी होणाऱ्या कोनांचा आहे, सपाट पटलावरील लांबीचा नाही. सपाट पटलाचा भूमितीय विचार पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये झाला. फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की याने तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र काढून ते फळीतील भोकातून आरशात पाहण्याची योजना केली होती. हा प्रयोग १४१० ते १४२५ च्या दरम्यान केव्हातरी झाला असावा. मूळ फळी आज उपलब्ध नसल्याने त्याची रीत आरशावर आधारलेली होती की मोजमापावर, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वास्तुविशारद म्हणून त्याला असलेली मोजणीची सवय पाहता दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्र म्हणजे दृष्टीच्या पिरॅमिडचा एक छेद अशी मांडणी केली. छायाचित्रणाला सैद्धांतिक पाया म्हणून ती आजही पुरते. ब्रूनेल्लेस्कीच्या भोकाचे महत्त्व वेगळे आहे : चित्र कोठून पाहावे हेही चित्राबरोबरच ठरवावे लागते, हे त्याने ओळखले होते.

नाभीय अंतरापेक्षा आखूड नळीत मावणाऱ्या भिंगाचे, म्हणजे खऱ्या अर्थाच्या टेलिफोटो भिंगाचे, श्रेय कोणाचे हा प्रश्न वादग्रस्त आहे. पुढे बहिर्गोल व मागे अंतर्गोल घटक ठेवण्याची कल्पना दुर्बिणीच्या शास्त्रात जुनी आहे आणि इटलीतील इग्नात्सीओ पोर्रो याने १८५० च्या दशकात ती छायाचित्रणात वापरली. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस रूडॉल्फस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी अशी भिंगे पुढे आणली. त्यांनी ती स्वतंत्रपणे तयार केली असे सामान्यतः मानले जाते. प्राधान्याचा मान पोर्रोला आणि व्यवहारात आणण्याचा मान १८९१ च्या तिघांना देणे रास्त ठरेल. रुंद कोनाच्या भिंगांत याच्या उलट रचना पीएर आँझेन्यू याने १९५० मध्ये बाजारात आणली. एका भिंगाच्या प्रतिक्षेपी (एसएलआर) कॅमेऱ्यातील आरशाला जागा मिळावी म्हणून तिची गरज भासली होती. या दोन्ही रचनांमुळे भिंगाची लांबी बदलते, यथादर्शन नव्हे.

पाहण्याचे अंतर : छायाचित्र मूळ दृश्याशी तंतोतंत जुळण्यासाठी ते नाभीय अंतर गुणिले विवर्धन एवढ्या अंतरावरून एका डोळ्याने पाहावे लागते. २४ × ३६ मिमी.च्या चौकटीचे चित्र आठपट मोठे केले, तर ५० मिमी. भिंगासाठी हे अंतर ४० सेंमी., २४ मिमी.साठी सु. १९ सेंमी. आणि २०० मिमी.साठी १·६ मी. येते. प्रत्यक्षात तिन्ही चित्रे हातात सारख्याच अंतरावर धरली जातात. म्हणून पहिल्या भिंगाचे चित्र स्वाभाविक, दुसऱ्याचे ताणल्यासारखे व तिसऱ्याचे दाबल्यासारखे वाटते. ही अडचण दूर करण्यासाठी आल्व्हार गुलस्ट्रांड याच्या सूचनेवरून मोरिट्स फोन रोर याने त्साइस कंपनीसाठी १९०३ च्या सुमारास ‘फेरांट’ हे पाहण्याचे भिंग तयार केले. ते फारसे रुळले नाही. चुकीच्या जागेवरून पाहूनही चित्र बिघडलेले का वाटत नाही, याचे स्पष्टीकरण मॉरिस पिरेन याने १९७० मध्ये दिले : प्रेक्षकाला चित्राच्या पृष्ठाचे भान असते आणि त्याआधारे तो नकळत दुरुस्ती करतो. कूपर, पियाझा व बँक्स यांनी २०१२ मध्ये केलेल्या प्रयोगांत मात्र, लोक पाहण्याचे अंतर चित्राच्या आकारावरून ठरवतात आणि नाभीय अंतराची दखल जवळजवळ घेत नाहीत, असे आढळले. चपटेपणा व खोली यांच्या अनुभवाचा उलगडा या दुसऱ्या निष्कर्षाने अधिक सरळ होतो. पिरेन यांचे मत तिरक्या कोनातून पाहिलेल्या चित्रांना अधिक लागू पडते.

कडेचा ताण : सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या भिंगात चौकटीच्या कडेला असलेला गोल लंबगोल दिसतो. भिंगाच्या अक्षापासूनच्या कोनाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) व्यस्त प्रमाणात तो बाहेरच्या दिशेने लांबतो. ५० मिमी. भिंगाच्या कोपऱ्यात हे प्रमाण सु. १·०९, तर २४ मिमी.च्या कोपऱ्यात सु. १·३५ असते. लग्नातील किंवा शाळेतील समूहचित्रात टोकाला उभी असलेली माणसे रुंद दिसतात ती यामुळे. हा भिंगाचा दोष नसून सपाट पटलाचा परिणाम आहे. रेषा वाकवणारी पिंपासारखी विकृती त्याहून वेगळी. अशा समूहचित्रासाठी जागा असल्यास चार पावले मागे जाणे हाच चांगला उपाय होय.

देवळाचे शिखर घेताना कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वर एकत्र येतात. कॅमेऱ्यातील पटल (फिल्म वा संवेदक) भिंतीला समांतर ठेवून भिंग वर सरकवल्यास हे टळते.

व्यक्तिचित्रात अंतराला विशेष महत्त्व आहे. नाकाचे टोक कॅमेऱ्यापासून ३० सेंमी.वर आणि कान त्याच्या १२ सेंमी. मागे असल्यास नाक कानाच्या तुलनेत १·४ पट मोठे उमटते, १·५ मी.वरून हे प्रमाण १·०८ राहते. ८५ ते १०५ मिमी.ची भिंगे व्यक्तिचित्रासाठी रूढ झाली, कारण त्यांनी डोके व खांदे चौकटभर घ्यायचे तर एवढ्या अंतरावर उभे राहावेच लागते. भ्रमणध्वनीचे मुख्य भिंग साधारणपणे २४ ते २६ मिमी.शी समतुल्य असते. हातभर अंतरावरून स्वतःचे छायाचित्र घेतल्यास नाक मोठे येते ते त्या हातभर अंतरामुळे.

प्रादेशिक उदाहरणे : २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी कास पठारावर फुलांत शिरण्यास मनाई असल्याने छायाचित्रकाराचे अंतर वाटेनेच ठरते. उभ्या माणसाच्या सु. १·५ मी. उंचीवरून २ मी. पुढची जमीन सु. ३७° च्या कोनात दिसते व फुलांमधील मोकळी जागा उघडी पडते; ३० मी. पुढे तोच कोन ३° च्या आत येतो आणि विरळ फुलेही एकमेकांवर चढून सलग गालिचा बनतात. लांब भिंगाने नेमका हा दूरचा पट्टा टिपला जातो. छायाचित्रे पाहून आलेला पर्यटक पायापाशी बघून हिरमुसतो. वस्तुतः त्याने पाहिलेले चित्र खोटे नसते, ते दूरच्या पट्ट्याचे असते.

सांगलीत कृष्णेच्या पुराच्या छायाचित्रांबाबत हाच मुद्दा गंभीर होतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी दूरवरून लांब भिंगाने घेतलेल्या चित्रात पूल, पाणी आणि मागची घरे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. अशा चित्रावरून पाणी घरांपासून किती दूर आहे याचा अंदाज बांधू नये. पातळी मोजपट्टीवरून वाचावी, आणि चित्र नोंद म्हणून जपायचे असल्यास कॅमेऱ्याची जागा व नाभीय अंतर त्यासोबत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे त्यावरून अंतरे काढता येतात.