बीसीएल-२ आणि एमसीएल-१: नावावर जाऊ नका

या दोन प्रथिनांची नावं वाचून कुणाचीही फसगत होईल. बीसीएल म्हणजे 'बी-सेल लिम्फोमा', एमसीएल म्हणजे 'मायलॉइड सेल ल्युकेमिया'. मग अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचं, म्हणजे एएमएलचं औषध एमसीएल-१ वर असणार, नाही का? उलट आहे. औषध आलं ते बीसीएल-२ वर, त्याचं नाव व्हेनेटोक्लॅक्स. एमसीएल-१ रोखणारं एकही औषध अजून मंजूर नाही. नावं फक्त ती कुठे सापडली एवढंच सांगतात.

काम दोघांचं एकच. पेशी बिघडली की तिनं स्वतःला संपवायचं असतं. बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं आणि पेशीचा निकाल लागतो. बीसीएल-२ आणि एमसीएल-१ या भोकं पाडणाऱ्यांना, आणि त्यांना चिथावणाऱ्या बिम या प्रथिनाला, आपल्या खाचेत धरून ठेवतात. पेशींची संख्या वाढवणं हे त्यांचं काम नव्हेच. बीसीएल-२ पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही, हे १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा कॅन्सरकडे बघायची नजरच बदलली.

खरा फरक टिकण्यात आहे. बीसीएल-२ तासन्‌तास टिकतं. एमसीएल-१ मात्र साधारण अर्ध्या तासात निम्मं होतं. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. शिवाय दोघांच्या खाचा वेगळ्या: बॅड हे प्रथिन बीसीएल-२ मध्ये बसतं, नोक्सा एमसीएल-१ मध्ये. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ च्या खाचेत बसतं आणि बिमला सोडवतं. पण सुटलेल्या बिमला एमसीएल-१ नं पुन्हा पकडलं, तर सगळी मेहनत पाण्यात.

म्हणूनच एएमएलमध्ये व्हेनेटोक्लॅक्स एकटं फारसं चालत नाही, जोडीला अ‍ॅझासिटिडिन हे केमोचं औषध लागतं. प्रयोगशाळेत अ‍ॅझासिटिडिननं नोक्सा वाढतं असं दिसलंय, म्हणजे एमसीएल-१ लाही चाप. तीव्र केमो न झेपणाऱ्या रुग्णांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीनं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४.७ महिने मिळालं, नुसत्या अ‍ॅझासिटिडिननं ९.६. पाच महिन्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटेल. पंच्याहत्तरीच्या रुग्णाच्या घरी विचारा.

सगळ्यांना सारखा गुण येत नाही. एनपीएम१ किंवा आयडीएच२ या जनुकांमध्ये बदल असलेले रुग्ण बहुधा चांगला प्रतिसाद देतात. ज्यांच्या ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या वळणाच्या असतात, तिथे हे औषध अनेकदा कमी पडतं, कारण त्या पेशींची भिस्त एमसीएल-१ वर जास्त असते.

मग एमसीएल-१ लाच का रोखत नाहीत? प्रयत्न झाले. पण हृदयाच्या स्नायूलाही हेच प्रथिन लागतं. उंदरांच्या हृदयातून ते काढलं तेव्हा हृदय निकामी झालं. माणसांवरच्या चाचण्यांत काहींच्या रक्तात हृदयाला इजा झाल्याची खूण असलेलं ट्रोपोनिन वाढलं, आणि काही चाचण्या थांबवाव्या लागल्या.