शंभर मीटरमागचा वेळ : पोहण्याच्या पेसच्या हिशेबाची पार्श्वभूमी

दोन ठिकाणच्या जलतरणपटूंच्या वेळांची तुलना करणे बराच काळ अवघड होते, कारण तलावांची लांबीच जागोजागी निराळी असे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी मैदानाच्या मध्यभागी १०० मीटरचा तलाव बांधला होता; १९२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरचा तलाव आला आणि १९५७ पासून जागतिक विक्रमांसाठी केवळ ५० मीटर किंवा ५५ यार्डांच्या लांब तलावातील वेळ ग्राह्य धरला जाऊ लागला. १९७२ मध्ये म्युनिकला ४०० मीटर मिडलेचे (चारही शैलींत पोहण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदक सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरले. तेवढ्या अवधीत पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो आणि तलावाच्या लेनही इतक्या काटेकोर मापाच्या नसतात, म्हणून पुढे निकाल शतांशापर्यंतच मोजले जाऊ लागले.

सरावातील पेसचा इतिहास मात्र तलावाकाठच्या मोठ्या घड्याळापासून सुरू होतो. त्याच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ठरावीक वेळाने निघायचे, ही इंटरव्हल पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली. सत्तरच्या दशकात रक्तातील लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) मोजून सरावाची तीव्रता ठरवण्याचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक क्लबला बोटे टोचून घेणे परवडणारे नव्हते. तीस मिनिटे सलग पोहून सरासरी काढण्याची चाचणी त्यातूनच लोकप्रिय झाली. ती प्रामाणिक आहे, पण कंटाळवाणी आहे आणि शनिवारी सकाळी गर्दीच्या लेनमध्ये ती पार पाडणे जवळपास अशक्य आहे.

१९९२ च्या सुमारास जपानमधील संशोधकांनी क्रिटिकल पॉवरची, म्हणजे लवकर न थकता टिकवता येणाऱ्या जोराच्या मर्यादेची, जुनी कल्पना पोहण्याला लावली. तिचे आजचे सुटसुटीत रूप असे : ४०० आणि २०० मीटर स्वतंत्रपणे, पूर्ण जोर लावून पोहायचे, दोन्ही वेळांची वजाबाकी करायची आणि उत्तराला दोनाने भागायचे. येणारा आकडा म्हणजे शंभर मीटरमागचा 'क्रिटिकल' पेस. खरा वाद इथेच आहे. समजा, ४०० ला ८ मिनिटे आणि २०० ला ३ मिनिटे ४८ सेकंद लागले, तर पेस २ मिनिटे ६ सेकंद येतो. तोच पोहणारा २०० मध्ये थोडा आळसला आणि त्याला ३ मिनिटे ५६ सेकंद लागले, तर पेस २ मिनिटे २ सेकंद! म्हणजे जो कमी जोर लावतो, तो कागदावर अधिक वेगवान ठरतो आणि पुढचे सहा आठवडे त्याला न झेपणारे सरावाचे सेट दिले जातात. शिवाय हा वेग तासभर टिकतो असे अनेकजण गृहीत धरतात. अभ्यासांमध्ये मात्र तो लॅक्टेट स्थिर राहण्याच्या वेगापेक्षा बहुधा थोडा जास्तच आढळतो. चाचणी सोपी आहे म्हणून ती स्वीकारली गेली, अचूक आहे म्हणून नव्हे, आणि हे प्रशिक्षकांनी अधिक मोकळेपणाने सांगायला हवे.

पुण्यात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ट्रायथलॉनमुळे (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग स्पर्धेमुळे) ऐरणीवर आला. बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी संकुल उभे राहिले आणि शहराला ५० मीटरचा तलाव मिळाला. बहुतेकांचा रोजचा सराव मात्र जवळच्या लहान टँकवरच होतो. २५ मीटरच्या टँकमध्ये ४०० मीटरला भिंतीशी पंधरा वळणे, म्हणजे टर्न, येतात, ५० मीटरच्या तलावात सात. भिंतीला दिलेल्या प्रत्येक ढकलीचा फायदा वेळेत मिसळत असल्याने लहान टँकमधला आकडा मोठ्या तलावात बहुधा टिकत नाही. सोसायटीच्या अठरा-वीस मीटरच्या टँकमध्ये तर मनगटावरच्या घड्याळात टँकची लांबी चुकीची भरली गेली की सगळा हिशेबच कोलमडतो.

अमेरिकी वेळापत्रके यार्डांत असल्याने आणखी गोंधळ होतो : शंभर यार्डांचा दीड मिनिटाचा पेस म्हणजे शंभर मीटरला, टर्नचा फरक सोडून, सुमारे १ मिनिट ३८ सेकंद. २०१९ पासून गोव्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहण्याचा टप्पा असलेली ट्रायथलॉन सुरू झाली, तेव्हा पुण्यातून गेलेल्यांपुढे वेगळाच पेच होता. तिथे टर्न नाहीत, दिशा पाहण्यासाठी डोके वर काढावे लागते, खारे पाणी मात्र शरीर उचलून धरते. त्यामुळे टँकवरच्या पेसमध्ये ठरावीक सेकंद मिळवून समुद्रातला अंदाज बांधण्याची युक्ती फार विश्वासार्ह नाही; त्याऐवजी उघड्या पाण्यातच काही फेऱ्या मारून स्वतःचा फरक मोजलेला बरा.