पार्श्वभूमी : साडीतली सायबीण आणि त्यानंतर

पोर्तुगीज गोव्यात आल्यावर काय घडलं ते इथे पुन्हा उगाळत नाही. कलेपुरतं एवढंच, की ख्रिस्ती मूर्ती घडवणाऱ्यांत हिंदू कारागीरही होते. त्यांना असं काम देऊ नये, असं 1567 च्या धर्मपरिषदेने ठरवलं. तरी देशी हाताची छाप जुन्या वेद्यांवर आणि हस्तिदंती मूर्तींवर राहिलीच. ‘मी कोण’ हे मात्र त्या कारागिरांना कुणी विचारलं नाही.

1930 च्या दशकात एका चित्रकाराने, आंजेलो द फोन्सेकाने, ते स्वतःलाच विचारलं. जुवे बेटावरच्या ख्रिस्ती घरातला हा तरुण बंगाल शैली शिकून परतला आणि त्याने सायबीण (मेरी माता) साडीत रंगवली, तीही सावळी. गोव्यात एवढा विरोध झाला की अखेर तो पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात राहिला.

हा वाद निव्वळ धर्माचा होता असं मला वाटत नाही. इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) 1736 च्या फर्मानाने ख्रिस्तांवांना, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना, पुडवें (धोतर) आणि चोळी वर्ज्य केली होती. पुढे भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांतून ‘पानो बाजू’ हा बायकांचा झगा-लुंगीसारखा पोशाख रुळला (तोही मलायाकडचा!) आणि साडी राहिली कुणबी-गावडा बायकांच्या अंगावर. वेदीवरची आई शेतातल्या बाईच्या वेशात, हे घरंदाजांना झोंबलं असणार. उलट बाजूने म्हणतात, या चित्रकाराचे पातळ रंगथर बंगालचे, त्यात गोवा कुठे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण जिथे बहिणी मानतात, तिथे निव्वळ गोव्याचं काय काढून दाखवणार?

1962-65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चने देशी रूपांना वाट दिली. चित्रकार 1967 मध्ये वारला. त्याच वर्षी गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर जनमत कौल झाला आणि ओळखीचं भांडण मराठी-कोंकणीवर गेलं. आपण मराठीवाले त्यात इतके गुंतलो की चित्रांकडे बघायला सवड उरली नाही. त्यांतली बरीच आता पणजीजवळच्या पर्वरीत आहेत.

1972 मध्ये पणजीत कला महाविद्यालय निघालं. हल्लीचे चित्रकार आझुलेज (पोर्तुगीज चित्रित फरश्या) आणि कावी दोन्हींकडे वळतात. आझुलेजच्या निळ्या फरश्यांना गिऱ्हाईक आहे, पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घरांच्या पाट्याही त्यांच्याच. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडायची ती कावी. तिचे जुने नमुने मुख्यतः देवळांत. आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांतले कितीतरी ऑइलपेंट आणि संगमरवराखाली गेले.