शाफ्ट ओढू नका, आधी त्याचा पीळ सोडा

पाऊस उघडला की डाळिंबवाल्याला फवारणीची घाई होते. ओल्या पानांवर तेल्या रोग पसरायला वेळ लागत नाही. सांगोला, पंढरपूर, मोहोळ भागात बहुतेकांच्या दारात ट्रॅक्टर एकच असतो. सकाळी त्याच्यामागे रोटाव्हेटर, दुपारी फवारणीचा ब्लोअर, उसाची तोड झाली असेल तर पाचट कुट्टीचं यंत्र. अवजार धरणाऱ्या खालच्या दोन्ही लिंकच्या पिना आणि वरची टॉप लिंक पटकन सुटतात. घोडं अडतं ते पीटीओच्या शाफ्टपाशी, म्हणजे इंजिनाची ताकद फिरत फिरत अवजाराला पोचवणाऱ्या लांब दांड्यापाशी. ‘मालक, निघंना झालाय,’ म्हणत गडी पहार शोधायला जातो.

पहार लावण्याआधी तो शाफ्ट नेमका कशाने धरून ठेवलाय, हे बघू.

ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा जो छोटा दांडा बाहेर आलेला असतो, ज्यावर शाफ्ट चढतो, तो आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ३५ मिलिमीटर जाडीचा आणि ६ दात्यांचा असतो. ठरलेल्या वेगाला तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. हे माप आजचं नाही. पीटीओचं प्रमाणीकरण अमेरिकेत १९२०च्या दशकात सुरू झालं, म्हणूनच एका कंपनीचा ब्लोअर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो. दात्यांभोवती एक गोल खाच असते. शाफ्टचं तोंड दात्यांवर सरकवलं की त्यातली लॉक पिन किंवा लोखंडी गोळ्या त्या खाचेत बसतात आणि शाफ्ट मागे सरकू शकत नाही. काढताना पिन दाबायची आणि ओढायचं, इतकं ते सोपं. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात पिन दाबली जाते, शाफ्ट मात्र हलत नाही. आपण गंजाला शिव्या देतो. गंज असतोच, पण खरा चोर बहुतेक वेळा शाफ्टमध्ये उरलेला पीळ असतो. रोटाव्हेटर मातीत रुतलेला असताना पीटीओ बंद केला, तर पाती मातीत अडकून राहतात. ट्रॅक्टरकडचं टोक गिअरने नाहीतर पीटीओच्या ब्रेकने धरून ठेवलेलं असतं. मधल्या मध्ये शाफ्ट किंचित पिळलेला राहतो आणि प्रत्येक दाता शेजारच्या खोबणीच्या एकाच बाजूवर दाबून बसतो.

हा पीळ फार असावा लागत नाही. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २ किलोचं वजन टांगल्यावर जितका बसेल, तितकाच धरू. दात्यांपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मात्र साधारण १६ मिलिमीटरच. अंतर साठपट कमी, म्हणून दाब साठपट जास्त: सव्वाशे किलो. कोरड्या, गंजलेल्या लोखंडावर घर्षण त्या दाबाच्या पाव हिश्शाइतकं धरलं, तर शाफ्ट सरकवायला ३० किलोच्या आसपास जोर हवा. तोही दोन लिंकच्या मध्ये वाकून, एका अंगठ्याने पिन दाबून धरत. दात्यांवर ग्रीस असेल तर हाच जोर १२-१३ किलोवर येतो. आणि पीळच नसेल तर? मग फक्त शाफ्टचं वजन पेलायचं राहतं. ताणलेल्या दाराची कडी निघत नाही, दार जरा आत ढकललं की तीच कडी बोटाने सरकते. इथेही तसंच आहे.

म्हणून ओढण्याआधी पीळ सोडायचा. अवजार उचलून, पाती मातीबाहेर काढून मगच पीटीओ बंद करावा. मग अवजार सपाट जागी टेकवावं, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकावी, पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला घ्यावा आणि शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना थोडा हलवावा. कुठेतरी तो सैल पडल्याचं हाताला कळतं. पिन तेव्हा दाबायची. हातोडा मारलात तर खाचेच्या आणि दात्यांच्या कडा फुगतात आणि पुढच्या वेळी शाफ्ट आणखी अडतो.

जोडताना अडचण उलटी असते. दाते ६ म्हणजे दर ६० अंशांवर जुळणी. त्यामुळे शाफ्ट कुठल्याही स्थितीत असला तरी एका नाही तर दुसऱ्या बाजूला ३० अंशांपेक्षा जास्त फिरवावा लागत नाही. ब्लोअरचा पंखा हाताने फिरतो, रोटाव्हेटर फिरता फिरत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरकडचा दांडा न्यूट्रलमध्ये फिरतो का, ते आधी पाहावं. काही जण मात्र एकाला शाफ्ट धरायला लावून स्टार्टरला हलका झटका देतात. दाते जुळतातही, पण इंजिन चालू झालं तर धरणाऱ्याचा हात गेला.

लॉकचेही दोन प्रकार आहेत. साध्या पिनेला एक अंगठा सतत अडकून पडतो. सरकत्या कॉलरचा प्रकार पूर्ण तळव्याने मागे ओढता येतो. काही कॉलर तर उघड्या स्थितीत थांबतात आणि शाफ्ट बसला की आपोआप पुढे येतात. दोन्ही हात मोकळे राहतात. नवा शाफ्ट घेताना मी तरी कॉलरवालाच मागेन.

सोय ही चैनीची गोष्ट नाही. जोडताना अडचण होते म्हणून आपल्याकडे सगळ्यात आधी शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर निघतं, मग ट्रॅक्टरवरची पत्र्याची टोपी. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटची जाडी १० सेंटिमीटर धरली तर तो सेकंदाला पावणेतीन मीटर कापड गुंडाळतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणं, काहीही अडकलं तरी ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्ट सहज बसला, तर कव्हर काढायचं कारणच उरत नाही.

लॉक पिन सारखी का खराब होते, याचं उत्तर बरेचदा शाफ्टच्या मधल्या भागात असतं. तिथे एक नळी दुसरीत सरकते, कारण अवजार वर-खाली होताना अंतर बदलतं. पीटीओला ३५ अश्वशक्ती मिळत असेल, तर ५४० फेऱ्यांना एक मीटर दांड्याच्या टोकाला ४६ किलो इतका पीळ बसतो. नळीच्या अडीच सेंटिमीटर त्रिज्येवर त्याचा दाब होतो जवळपास १८ क्विंटल. नळी कोरडी असेल, काळ्या मातीचा धुरळा आत गेला असेल, तर चालू स्थितीत अवजार उचलताना चार-साडेचार क्विंटलचा रेटा थेट लॉक पिनेवर आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर जातो. ग्रीस असेल तर तो दोन क्विंटलच्या आत राहतो. काही कंपन्या आतल्या नळीवर नायलॉनचा लेप देतात, तो याचसाठी.

नळ्या साफ करायला वेगळ्या केल्या, तर परत घालताना दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे जॉइंटचा क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे, एकाच रेषेत आहेत ना, ते बघा. क्रॉसचा जॉइंट वाकलेल्या कोनात एकसारखा वेग देत नाही. कोन ३० अंश असेल, तर ५४०चा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ४६८पर्यंत उतरतो आणि दोनदा ६२४पर्यंत चढतो. दुसरा जॉइंट ही चढउतार खोडून काढतो, पण काटे रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. नळ्या चुकीच्या खोबणीत बसवून काटे रेषेबाहेर गेले तर चढउतार वाढते आणि अवजार थरथरायला लागतं.

बाजारात जलद जोडणीचे अडॅप्टरही मिळतात. अर्धा भाग ट्रॅक्टरच्या दांड्यावर कायमचा राहतो, उरलेला अर्धा शाफ्टच्या तोंडावर. जोडणं खरंच सोपं होतं. पण जॉइंट तितकाच मागे सरकतो, दांड्याच्या बेअरिंगवर वाकवणारा भार वाढतो आणि जुना शाफ्ट लांब पडतो. लांब शाफ्ट अवजार उचलताना आत टेकला, तर ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स फोडू शकतो. कापायचाच झाला, तर आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापा, कव्हरही तितकंच कापा. कापलेली धार कानशीने मोडा आणि पीटीओ लावण्याआधी अवजार पूर्ण वर, पूर्ण खाली करून नळी कुठे टेकत नाही ना, ते पाहून घ्या.